बकुळा घाडीचं गाऱ्हाणं

बकुळा घाडीच्या तोंडाला लागायचं नसतं, हे लालबागच्या मसाल्याच्या दुकानात आलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. "मावशी, धणे जरा कमी भाजा हां," असं एखाद्या नव्या सुनेनं म्हटलं, की बकुळा कालथा कढईच्या काठावर आपटते आणि म्हणते, "तू भाजतंस? ये, बस हय." मग ती सून गुपचूप कोपऱ्यात उभी राहते. बावीस वर्षं बकुळा त्या दुकानात भाजायला बसते. संकेश्वरी, बेडगी, दगडफूल, नागकेशर, सगळं तिच्या कढईतून जातं आणि मगच डंकावर कुटायला पडतं. डोळे कायम लाल, आवाज कायम खरखरीत. तरी बायका नंबर लावून तिच्यासाठीच थांबतात, कारण तिच्या हातचा मसाला वर्षभर टिकतो आणि जावेनं मागितला तर द्यावासा वाटत नाही.

असल्या बाईनं अकरा वर्षं एका माणसापुढे मान खाली घालून काढली. सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण काढली. दर गुरुवारी कामावरून सुटायचं, करी रोडच्या भिकाजी चाळीत परत यायचं, हातपाय धुवायचे, तळमजल्याच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या आणि पुढच्या रांगेत बसून नाना तेंडोलकरांचं प्रवचन ऐकायचं. अकरा वर्षांत तिचे चार गुरुवार चुकले, त्यातले दोन नवरा इस्पितळात होता म्हणून.

आणि गेल्या डिसेंबरपासून त्याच नानांचा तिला सूड घ्यायचा होता. मनातल्या मनात बोटं मोडून तिचं भागणार नव्हतं. चारचौघांत, त्यांना देव मानणाऱ्या माणसांसमोर, म्हाताऱ्याला मान वर करता येऊ नये असा सूड हवा होता.

नाना म्हणजे रघुवीर तेंडोलकर. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, चाळ कमिटीचे तीस वर्षांचे चिटणीस. माणूस स्वच्छ, हे बकुळालाही कबूल करावं लागतं. कोणाचा अर्धा कप चहा कधी फुकट प्यायले नाहीत. बिल्डरशी बोलायला चाळीनं नानांनाच पाठवलं, कारण नाना विकले जाणार नाहीत याची सगळ्यांना खात्री. आणि बोलणं काय त्यांचं! नोकरी गेली, जा नानांकडे. पोरगी पळाली, जा नानांकडे. नाना डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जे घडतं ते घडायचंच असतं. आपण नुसते निमित्त." एवढ्यावर माणूस हलका होऊन घरी जायचा. गिरणगावातल्या माणसांनी इतकं सोसलं होतं, की हे कोणीतरी सांगायला त्यांना हवंच होतं.

बकुळाची एकुलती एक पोर अक्षता. एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि बोलण्यात आईच्या वरताण. २०१४च्या ऑगस्टात एका रविवारी दुपारी ती तिसऱ्या माळ्यावर, घरासमोरच्या गॅलरीत, चादर वाळत घालत होती. ओली चादर झटकायला कठड्यावर वाकली, आणि कठडा गेला. लाकूड आतून पार पोखरलेलं होतं. बकुळा आत डाळीला फोडणी देत होती. तिला आधी वाटलं, कोणाचा तरी माठ फुटला.

बाराव्याला नाना आले. बकुळा भिंतीवर डोकं आपटत होती. नानांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बकुळा, कठडा हे निमित्त. मागच्या जन्मीचं तिचं काही राहिलं होतं, ते फेडून पोरगी मोकळी झाली. आता रडून तिची वाट अडवू नकोस."

बकुळा रडायची थांबली. औषध लागू पडलं म्हणायचं. पण औषध पोटात गेलं की काय काय करतं, ते देणाऱ्याला कुठं दिसतं? महिन्याभरानं कढईपुढे बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, मागच्या जन्मीचं राहिलं होतं म्हणजे नेमकं काय? एवढं मरण यावं असं माझ्या पोरीनं केलं तरी काय होतं? कोणाला ढकललं होतं? कोणाचं पोर मारलं होतं? घरी येऊन ती अक्षताच्या फोटोसमोर बसायची आणि विचारायची, "काय गो केलंस तू? सांग तरी." फोटोतली पोर हसायची. पुढं पुढं बकुळाला ते हसणंही खोटं वाटायला लागलं. हे ती कोणाला बोलली नाही. पोटच्या पोरीचा संशय येतो, हे आईनं कोणाला सांगायचं?

मग तिनं पोरीच्या पापासाठी प्रायश्चित्त घेतलं. मासळी सोडली. मालवणी बाईनं मासळी सोडली, म्हणजे काय सोडलं ते ज्याचं त्याला कळेल. नवरा बुधाजी चिडायचा, "अगो, तू खाऊक नाय म्हणान तां परत येतला काय?" बुधाजी स्वतः प्रवचनाला कधी फिरकला नाही. त्यानं कठड्याबद्दल आधीच अर्ज लिहून दिला होता, नानांनी तो वर पाठवला होता, आणि सरकारनं काही केलं नाही, अशी त्याची पक्की समजूत. सहा वर्षांपूर्वी तो गेला. जाईपर्यंत सरकारला शिव्या घालत होता.

एकच बाई त्या वेळी वेगळं बोलली. संघमित्रा, शेजारच्या चाळीतली, सरकारी इस्पितळात नर्स, बकुळाची मसाल्यावरून झालेली मैत्रीण. ती भेटायला आली, अर्धा तास बसली आणि उठताना म्हणाली, "बकुळा, कठडा का मोडला ते विचार आधी. लाकूड आपोआप सडत नाही."

"नाना म्हणाले, प्रारब्ध."

"प्रारब्ध पोस्टमॉर्टेमात लिहीत नाहीत गं. आम्ही वॉर्डात रोज बघतो. माणूस कशानं गेलं त्याला कारण असतं, आणि कारणाला बहुतेक वेळा हातपाय असतात. माझे वडील सांगायचे, दुःख आलं तर तीन गोष्टी विचारायच्या. कशामुळे आलं, कोण वाढवतंय, थांबवायचं कसं. मागच्या जन्माचं तोंड कोणी बघितलंय?"

बकुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्यात देव नाय, प्रारब्ध नाय, तुला काय कळणार? माझी पोरगी गेलीय आणि तू मला शाळा शिकवायला आलीस?" असलं तोडून बोलली, की संघमित्रा परत त्या घराची पायरी चढली नाही. मसाल्याला गिऱ्हाइकं मात्र पाठवत राहिली.

तर अशी अकरा वर्षं. मग चाळ पाडायचं नक्की झालं, फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या, आणि डिसेंबरात एका दुपारी हॉल आवरायला बायका खाली उतरल्या. कमिटीतला नवा पोरगा अजित, त्यानं नानांचं जुनं लोखंडी कपाट उघडून दिलं आणि म्हणाला, "मावशी, यातलं सगळं रद्दीत." बकुळा गठ्ठे काढून गोणीत भरत होती. एका लिफाफ्यावरचं अक्षर बघून तिचा हात थांबला. बुधाजीचं अक्षर, चालताना पडेल की काय असं. लिफाफा सरकारी दुरुस्ती कार्यालयाच्या नावाचा, तिकीट लावलेला, कधीच पोस्टात न पडलेला.

बकुळा सातवी शिकलेली. खिडकीशी जाऊन तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. तारीख ३ मे २०१४. "तिसऱ्या माळ्यावरील कठडा वाळवीने खाल्ला आहे. आम्ही दोरीने बांधून ठेवला आहे. एखाद्याचा जीव जाईल, तरी साहेबांनी लक्ष द्यावे." खाली बुधाजीची सही. आणि समासात लाल पेन्सिलीनं, फळ्यावर लिहितात तसं सुंदर वळणदार अक्षर: "तूर्त पाठवू नये. दुरुस्ती झाल्यास पुनर्विकास पाच वर्षे लांबेल. र. तें."

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. र. तें. म्हणजे रघुवीर तेंडोलकर. मे महिन्यात ह्या माणसाला ठाऊक होतं की जीव जाईल. ऑगस्टात जीव गेला. आणि बाराव्याला येऊन, माझे हात हातात घेऊन, ह्यानं माझ्या पोरीवर आळ घेतला! कपाटातला कागद कपाटातच ठेवला आणि पाप ढकललं मेलेल्या पोरीच्या मागच्या जन्मावर!

बकुळानं कागद ब्लाउजात खोचला, सतरंज्या होत्या तशा टाकल्या आणि सरळ बाजारात गेली. सहा बांगडे घेतले. घरी येऊन मीठ-मसाला लावला, तव्यावर परतले आणि अक्षताच्या फोटोसमोर मांडी घालून सहाच्या सहा खाल्ले. खाताना रडत होती आणि शिव्या देत होती. शेजारीण डोकावली, तिलाही दोन शिव्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी ती संघमित्राच्या दारात उभी राहिली. अकरा वर्षांनी. एकमेकींना "कशी आहेस" विचारायच्या भानगडीत दोघी पडल्या नाहीत. बकुळानं कागद पुढे केला. संघमित्रानं चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "पोलिसात दे. मी येते बरोबर."

"देणार. पण आधी मला तो खाली आणायचाय. पोलीस काय करणार? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. कोर्टात तारखा पडतील, हा मरून जाईल, आणि चाळ म्हणेल, साधुपुरुष गेला. मला हवंय त्याच्या तोंडून. लोकांसमोर."

"तोंडून काय हवंय?"

"माझ्या पोरीनं काही केलं नव्हतं, एवढं." बकुळानं कागद तिच्या हातून परत घेतला. "अकरा वर्षं मी तिला गुन्हेगार समजले गं. मी. तिची आई."

संघमित्रानं चहा ठेवला.

संधी चालून आली, आणि नानांनीच ती हातात दिली. भिकाजी चाळीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा होते, आणि पूजा झाली की गाऱ्हाणं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की एक जण देवापुढे नारळ घेऊन उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं देवाला बोलतो. हे दे, ते सांभाळ, आमच्या वाइटावर कोण असेल त्याला बघून घे. प्रत्येक वाक्याला सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" गावाकडे हा मान घाडी घराण्याचा. चाळीत बकुळाचे सासरे आनंदा घाडी बोलायचे, ते गेल्यावर बुधाजी. बुधाजी गेल्यावर नानांनी कागदावरून प्रार्थना वाचायला सुरुवात केली होती. शुद्ध भाषेत, शांत. लोक हात जोडून ऐकायचे आणि जांभया द्यायचे.

शेवटची पूजा म्हणून लोकांनी हट्ट धरला, की गाऱ्हाणं घाडीचंच हवं. आणि चाळीत ते तोंडपाठ असलेली एकच व्यक्ती उरली होती. अजित भीत भीत विचारायला आला. "मावशी, बाईमाणसानं कधी घातलं नाहीये. पण नाना म्हणाले, आत्म्याला बाई-पुरुष असं काही नसतं. बकुळालाच सांगा."

"असां म्हणाले नाना?" बकुळा म्हणाली. "मग घालतंय हां. सांग त्यांका, अगदी मन लावून घालतंय."

गंमत बघा. नाना शिकवायचे की गप्प बस, जे झालं ते सोस. गाऱ्हाणं शिकवतं की तोंड उघड, देवाला उभं कर आणि जाब विचार. दोन्ही गोष्टी एकाच हॉलमध्ये, एकाच सतरंजीवर वर्षानुवर्षं सुखानं नांदत होत्या आणि कोणालाच काही खटकलं नव्हतं. बकुळालाही नाही. गुरुवारी नानांपुढे मान डोलवायची आणि सव्वीस जानेवारीला "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडायचं, की झालं.

पुढचा महिनाभर ती कढईपुढे बसून शाप जुळवत होती. गाऱ्हाण्यात जिथं वाइटावर असलेल्यांचा समाचार घेतात, तिथंच तो बसवायचा होता. साधं "त्याचं वाटोळं कर" तिला पुरणार नव्हतं. नानांचा मुलगा ठाण्याला राहतो. त्याची पोरगी श्रेया, नानांच्या काळजाचा तुकडा, यंदा एकोणीस पूर्ण. एकोणीस! बकुळानं शब्द ठरवले: ज्यानं माझा चेडू घालवल्यान, तेच्या घरातला चेडू तसाच जांव दे. चेडू म्हणजे पोरगी. आणि सगळी चाळ म्हणेल, व्हय म्हाराजा. नानासुद्धा म्हणतील, सवयीनं. मग कागद काढायचा आणि दाखवायचं, की तुम्ही आत्ता कोणासाठी काय मागितलंत. हा विचार आला, की तिला रात्री गाढ झोप लागायची. खोटं कशाला बोला?

सव्वीस जानेवारीला बाराच्या सुमारास हॉल गच्च भरला. सोडून गेलेली माणसंही आली होती, विरार-डोंबिवलीहून. नानांचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ. ते पहिल्या रांगेत खुर्चीत बसले. शेजारी श्रेया, हातात मोबाईल, सगळ्याचा व्हिडिओ काढत होती. मागे भिंतीशी संघमित्रा उभी होती. तिला बकुळानं मुद्दाम बोलावलं होतं.

बकुळानं नारळ हातात घेतला. खरखरीत आवाज एकदम वर चढला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज शंभर वर्षां ह्या जाग्यात तुझी लेकरां नांदली, तेंका तू सांभाळलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"आता हय टावर उभो ऱ्हवतलो. थंयसुदिक आमच्या पोराबाळांका सांभाळ..."

"व्हय म्हाराजा!"

म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं गाऱ्हाणं सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती श्रेया. ठाण्याच्या पोरीला हा प्रकार नवा, तिला भारी मजा वाटत होती. बकुळा वाइटावर असणाऱ्यांपाशी आली. "जो कोण आमच्या वाइटावर असात..." म्हणाली आणि समोर बघितलं. श्रेया मोबाईलमागून तिच्याकडे बघून हसत होती.

हिनं काय केलंय, असं बकुळाच्या मनात आलं. काहीच नाही. मग हिच्यावर का? आजोबानं केलं म्हणून. म्हणजे केलं कोणी, फेडायचं भलत्याच पोरीनं. अगो बाई! हे तर नानांचंच शिकवणं. अकरा वर्षं जे गिळलं, तेच मी आता देवापुढे ओकायला उभी राहिलेय. ती पोरीच्या मायेनं वगैरे थांबली नाही, उगाच चांगुलपणा तिच्या माथी मारू नका. तिला एवढंच झोंबलं, की हा शाप दिला तर नाना जिंकले.

हॉल वाट बघत होता. बकुळानं नारळ खाली ठेवला.

"बा म्हाराजा, अकरा वर्षांमागे ह्या चाळीत तिसऱ्या माळ्यावरचो कठडो मोडलो."

"व्हय म्हाराजा!" सवयच ती.

"माझा चेडू अक्षता थंयसून पडान गेला."

"व्हय म्हाराजा." अर्धेच बोलले.

"तो कठडो प्रारब्धान मोडूक नाय, वाळवीन मोडलो. जीव जातलो म्हणान माझ्या घोवान मे महिन्यात लिवन दिल्यान. ता पत्र नानांनी फुडे धाडूक नाय, कपाटात घालून ठेवल्यानी." तिनं कागद काढून वर धरला, लाल पेन्सिलीच्या ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मग साध्या मराठीत म्हणाली, "ह्यावर मला चाळीची व्हय नको. एकाच माणसाची हवी. नाना, म्हणा."

अजितनं कागद घेतला, वाचला आणि मान खाली घातली. नाना सावकाश उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी उचलली नाही. आवाज मात्र नेहमीसारखाच शांत.

"पत्र मी पाठवलं नाही. खरं आहे. अडीचशे कुटुंबांचं भलं बघितलं. पण बकुळा, त्याच वर्षीची पूजा आठव. ह्याच जागी तुझे सासरे उभे होते. त्यांनी काय गाऱ्हाणं घातलं? चाळीचं काम चाळीत राहू दे. कोणी बाहेर तक्रारी घेऊन जाऊ नये. टॉवर होईस्तोवर सगळ्यांनी नानांचं ऐकावं. आणि सगळी चाळ 'व्हय म्हाराजा' म्हणाली. बुधाजी म्हणाला. तू म्हणालीस. मी एकटा कसा?"

बकुळाला ते लख्ख आठवलं. ती मागे पातेल्याशी होती, प्रसादाच्या शिऱ्यात गुठळ्या होतायत म्हणून कावलेली. सासरे काय बोलतायत इकडं लक्ष नव्हतं. ढवळता ढवळता ओरडली होती, व्हय म्हाराजा. शेजारी अक्षता बेदाणे खात बसलेली.

आणि माणसं कशी असतात बघा. हॉलनं सुटकेचा श्वास सोडला. कोणीतरी बोललंसुद्धा, "खरंय, चूक सगळ्यांचीच. जाऊ दे आता बकुळा, सणाचा दिवस." नानांनी डोळे मिटले, प्रवचनात मिटायचे तसे. बकुळाला दिसलं, की म्हातारा दुसऱ्या दारानं निसटतोय. आधी सगळं प्रारब्धावर घातलं, आता सगळ्यांवर घालतोय. सगळ्यांचं म्हटलं, की कोणाचंच नाही.

"होय, मी म्हणाले," ती बोलली. पहिल्या रांगेपर्यंत चालत आली. "न ऐकता म्हणाले. आईचं काम होतं ऐकायचं. माझ्या वाटणीचं मी घेतलं, नाना. नवऱ्याच्या, सासऱ्याच्या वाटणीचंही घेते, ते आज बोलायला नाहीत. ह्या चाळीनंही आपापलं घ्यावं, मी कोणालाच जाऊ देत नाही. पण लिफाफा चाळीच्या हातात नव्हता. तुमच्या हातात होता. तुमच्या वाटणीचं तुम्ही घ्या. माझ्या पोरीच्या वाटणीला मात्र काही ठेवायचं नाही. ह्या जन्मीचं नाही आणि मागच्या जन्मीचं तर अजिबात नाही. म्हणा."

नाना तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं ह्या हॉलमध्ये त्यांना कधी शब्द कमी पडला नव्हता. श्रेयानं मोबाईल खाली घेतला.

"आजोबा," ती म्हणाली, "म्हणा ना."

"तिचा दोष नव्हता," नाना म्हणाले.

"कोणाचा? नाव घ्या. मोठ्यानं."

"अक्षताचा दोष नव्हता." नानांनी खुर्चीची पाठ धरली. "पत्र मी अडवलं. जीव जाईल हे मला माहीत होतं. तिच्या मागच्या जन्माचं मला काही माहीत नव्हतं, मी ते... मी ते तसंच बोललो."

ह्या वेळी कोणीही व्हय म्हाराजा म्हटलं नाही. लोक पहिल्यांदाच ऐकत होते. नाना खाली बसले. श्रेयानं त्यांचा हात धरला नाही, ती खुर्ची थोडी लांब सरकवून बसली. ते नानांना दिसलं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला आणि त्यानं बकुळाला विचारलं, हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं,

"झालं तुझं समाधान?"

"नाही झालं," बकुळा म्हणाली. "पण आता तुमचंही होणार नाही."